पेटीतले खण आणि पाण्यातला मासा

इंग्लंडमधील नद्यांवर दरवर्षी १५ मार्च ते १५ जून या तीन महिन्यांत रोच, ब्रीम, बार्बेल आदी माशांसाठी गळ टाकता येत नाही. हा या माशांच्या विणीचा काळ. १८७८ साली झालेल्या कायद्याने प्रथम घातलेले हे बंधन थोड्याफार फेरफारांसह आजही कायम आहे. १६ जूनची पहाट उजाडते, तेव्हा नदीकाठी हजर असलेल्या माणसाकडे पाहिले तर हा गृहस्थ रात्रभर झोपलेला नाही, हे सहज ओळखू येते. त्याची झोप उडवलेली असते ती माशांनी नव्हे, तर त्याच्या पेटीने. तीन महिने घरच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून या पेटीतला एकेक खण रिकामा करायचा, पुसायचा आणि पुन्हा भरायचा. गळ आकारानुसार, छर्रे वजनानुसार आणि तंगूस जाडीनुसार लावायचा. आणि अखेरच्या रात्री काहीतरी राहून गेले या शंकेने सारे पुन्हा उपसायचे, हा तेथील कित्येक घरांतील वार्षिक परिपाठ आहे.

घरच्यांच्या लेखी हा अर्थातच वेडेपणा असतो. आपल्याकडील वाचकालाही तो तसाच वाटण्याचा संभव आहे. कोकणात गरवायला जाणारा माणूस लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, दोन-चार गऱ्या, शिशाचा एखादा तुकडा आणि मूठभर कोळंबी एवढ्या सामग्रीवर खाडीवर जातो आणि संध्याकाळच्या कालवणाची सोय करून परततो. मग त्याच कामासाठी इंग्रज माणसाला बसायला खुर्ची होईल एवढी मोठी पेटी, तिला पाच-सहा खण आणि खणांत पुन्हा डब्या कशाला हव्यात?

याचे एक उत्तर मासा पकडल्यानंतर जे घडते त्यात आहे. कोकणातला मासा स्वयंपाकघरात जातो. इंग्लंडमधील रोच किंवा ब्रीम हातजाळीत घेऊन, गळ सोडवून बहुधा पुन्हा पाण्यात सोडला जातो. तेथे सामन आणि ट्राउट या माशांना वरचा मान, तर उरलेल्या बहुतेक गोड्या पाण्यातील माशांना 'कोर्स' म्हणजे साधारण प्रतीचे असे बिरुद चिकटलेले आहे. हे साधारण मासे खाण्याची पद्धत तेथे आता फारशी उरलेली नाही. मासा घरी न्यायचाच नसेल, तर उरते ती केवळ पकडण्याची रीत. आणि ज्या माशाला जिवंत परत पाठवायचे त्याला इजा न होऊ देण्याची जबाबदारी. गळ टाकणाऱ्यांच्या साऱ्या काटेकोरपणाचा उगम या दोन गोष्टींत शोधावा लागतो. काही भाग मात्र निव्वळ हौसेचा आहे, हेही आधीच सांगितलेले बरे.

सुरुवात छर्ऱ्यांपासून करू. तंगुसावर एक छोटा फ्लोट असतो. तो पाण्यावर उभा तरंगतो आणि माशाने आमिष घेतले की खाली जातो. हा फ्लोट सरळ उभा राहावा आणि आमिष तळाशी जावे म्हणून तंगुसावर बारीक छर्रे चिमटून बसवतात. या छर्ऱ्यांना नावे आहेत आणि त्यांचे एक कोष्टकच आहे. सर्वांत मोठ्या नेहमीच्या छर्ऱ्याला एसएसजी म्हणतात. त्याचे वजन सुमारे १.६ ग्रॅम. त्याच्या निम्मा तो एएए, त्याच्याही निम्मा तो बीबी, म्हणजे सुमारे ०.४ ग्रॅम. तेथून पुढे आकडे लागतात आणि ८ क्रमांकाचा छर्रा मोहरीच्या दाण्याएवढा, अवघा ०.०६ ग्रॅमचा असतो. फ्लोटवर '३ बीबी' असे लिहिलेले असेल, तर त्याला बरोबर तेवढेच वजन लागते. ते नेमके पडले तर फ्लोटचे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर टोक पाण्याबाहेर दिसते. वजन कमी पडले तर फ्लोट उंच उभा राहतो. रोचसारखा संशयी मासा आमिष तोंडात घेताच त्याला वरचा फ्लोट ओढताना लागणारा जोर जाणवतो आणि तो आमिष थुंकून टाकतो. काठावरच्या माणसाला तर मासा येऊन गेला, याचा पत्ताही लागत नाही.

छर्रे किती, याइतकेच ते कोठे बसवले, यालाही महत्त्व आहे. ते सदऱ्याच्या गुंड्यांप्रमाणे समान अंतरावर लावले तर आमिष सावकाश, नैसर्गिकपणे खाली उतरते. म्हणून या रचनेला तेथे 'शर्ट बटन'च म्हणतात. सारे एकाच ठिकाणी, तळाजवळ लावले तर आमिष झपाट्याने तळ गाठते आणि वरच्या थरातील लहान माशांच्या तावडीतून सुटते. टेंच किंवा ब्रीम हे मासे तोंड खाली करून तळावरचे आमिष उचलतात आणि मग आडवे होतात. त्या वेळी शेवटचा छर्रा त्यांच्याबरोबर उचलला जातो आणि फ्लोट बुडण्याऐवजी उलट वर येतो. नवखा माणूस तो बुडण्याची वाट पाहत बसतो. जाणकार मात्र फ्लोट वर येताच काठी उचलतो. शेवटचा छर्रा केवढा आहे आणि गळापासून किती अंतरावर आहे हे ठाऊक असल्याखेरीज फ्लोटची ही भाषा वाचता येत नाही. छर्ऱ्यांच्या डबीत ८ क्रमांकाच्या खणात चुकून ६ क्रमांकाचा छर्रा गेला तर एखादा गृहस्थ एवढा अस्वस्थ का होतो, याचे कारण हे आहे.

स्पर्धेत भाग घेणाऱ्यांचे प्रकरण आणखी पुढचे. पाच तासांच्या स्पर्धेत तंगूस गुंतला तर तो सोडवत बसायला वेळ नसतो. म्हणून फ्लोट, छर्रे आणि गळ असा पूर्ण जोडलेला संच आधीच तयार करून प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीवर गुंडाळून ठेवतात. प्रत्येक पट्टीवर चिठ्ठी: फ्लोटचे वजन, तंगुसाची जाडी, गळाचा क्रमांक, एकूण लांबी. कालव्यासाठी एका रंगाच्या पट्ट्या, तळ्यासाठी दुसऱ्या, वाहत्या नदीसाठी तिसऱ्या. पेटीच्या एका खणात अशा तीस-चाळीस पट्ट्या कपाटातील फायलींसारख्या उभ्या असतात. प्रत्येक फ्लोट घरीच पाण्याने भरलेल्या उंच काचेच्या नळीत सोडून, छर्रे कमी-जास्त करून आधी तपासलेला असतो. हिवाळ्याच्या संध्याकाळी नळीतल्या फ्लोटकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला मासे पकडणारा म्हणावे की सोनार, असा प्रश्न कोणालाही पडावा.

आता गळाकडे वळू. गळांचे क्रमांक उलटे चालतात: २० क्रमांकाचा गळ १० क्रमांकाच्या गळापेक्षा लहान. एकपर्यंत आल्यावर पुढचे मोठे गळ १/०, २/० असे पुन्हा चढत्या क्रमाने मोजले जातात. शिवाय एका उत्पादकाचा १६ क्रमांक दुसऱ्याच्या १६ क्रमांकाशी जुळेलच असे नाही. त्यामुळे अनुभवी माणूस एकदा हाताला बसलेला गळ सहसा बदलत नाही आणि तो बाजारातून नाहीसा होणार अशी कुणकुण लागली, तर डझनावारी पाकिटे घेऊन ठेवतो. याला बाहेरचे लोक हट्ट म्हणतात.

गळ आणि तंगूस यांच्या जोडणीत मात्र हट्टाचा प्रश्नच नसतो. तेथे माशाच्या जिवाचा प्रश्न असतो. रिळावरच्या मुख्य तंगुसाला गळ थेट बांधत नाहीत. मध्ये हातभर लांबीचा अधिक बारीक, कमी ताकदीचा तुकडा जोडतात. उद्देश असा, की मासा झुडपात घुसला आणि काही तुटायचेच असेल तर ते गळाजवळ तुटावे. तसे झाले तर माशाच्या ओठात फक्त एक बारीक गळ आणि थोडासा धागा राहतो. जोडणी उलटी झाली, म्हणजे मुख्य तंगूसच कमकुवत निघाला, तर तो वर कोठेतरी तुटतो आणि मासा फ्लोट, छर्रे आणि कित्येक फूट तंगूस घेऊन पळतो. हे लटांबर पाण्यातील फांदीत अडकले की मासा जागीच खिळतो आणि काही दिवसांत मरतो. कार्पसाठी वापरल्या जाणाऱ्या जड वजनांच्या बाबतीत हा धोका अधिक. म्हणून तंगूस तुटल्यास वजन आपोआप सुटून पडेल अशीच रचना हवी, असा नियम अनेक तळ्यांवर आहे. काही ठिकाणी तर मासेमारी सुरू करण्यापूर्वी तळ्याचा रखवालदार येऊन जोडणी तपासतो. दुसरीकडे, गरजेपेक्षा फारच नाजूक सामग्री वापरली तर मासा ओढून आणायला इतका वेळ लागतो की तो पूर्ण थकतो. असा मासा सोडून दिला तरी तो तगेलच याची शाश्वती नसते. थोडक्यात, काठी, रीळ, तंगूस आणि गळ एकमेकांना जुळणे हे दिसण्यापुरते नाही.

हंसांची किंमत

निष्काळजीपणाची सर्वांत मोठी किंमत मात्र माशांनी नव्हे, हंसांनी मोजली. हे छर्रे पूर्वी शिशाचे असत. काठावर सांडलेले, तुटलेल्या तंगुसाबरोबर पाण्यात गेलेले छर्रे वर्षानुवर्षे तळाशी साचत राहिले. हंस अन्न दळण्यासाठी तळातील बारीक खडे गिळतात. त्यांच्याबरोबर छर्रेही पोटात जात. पेषणीत शिसे घासले जाऊन रक्तात मिसळे, स्नायू लुळे पडत, मान धरवेनाशी होई आणि पक्षी उपासमारीने मरे. १९७० आणि १९८०च्या दशकांत थेम्स नदीवर हंसांची संख्या यामुळे झपाट्याने घटली. अखेर १९८७च्या प्रारंभापासून ब्रिटनमध्ये ०.०६ ग्रॅमहून अधिक आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे एक औंसापर्यंतच्या, शिशाच्या वजनांवर बंदी आली. ८ क्रमांकाचा छर्रा आणि त्याहून बारीक छर्रे तेवढे सुटले. बाकीच्यांसाठी टंगस्टनसारखे पर्यायी धातू आले. हंसांची संख्या त्यानंतर सावरली. एका पिढीची सारी कोष्टके मात्र मोडली, कारण नव्या धातूचे छर्रे त्याच वजनाला आकाराने वेगळे होते. त्या काळातील जुन्या मंडळींनी पेट्या रिकाम्या करताना काय काय म्हटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हा काटेकोरपणा आजकालच्या बाजारपेठेने निर्माण केला, असा एक समज आहे. तो खरा नाही. गळाने मासे पकडण्याविषयीचे इंग्रजीतील पहिले छापील पुस्तक १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टर येथे छापले. डेम जुलियाना बर्नर्स या जोगिणीचे ते लेखन असल्याची परंपरा आहे. अभ्यासकांना ते मान्य नाही. त्या काळी तंगूस नव्हता; घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करीत. कोणत्या माशाला किती केस, याचा तक्ताच या पुस्तकात आहे: सर्वांत लहान माशाला एक, पर्चला चार, टेंच आणि ब्रीमला सहा, ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा आणि सामनला पंधरा. एवढ्यावर भागत नाही. कोणत्या पाण्यात कोणत्या रंगाचे केस वापरावेत आणि ते रंगवावेत कसे, याच्याही कृती दिल्या आहेत. म्हणजे सव्वापाचशे वर्षांपूर्वीही एखादा माणूस केसांच्या लडी रंगानुसार वेगळ्या करीत बसला असणार आणि घरचे त्याला नावे ठेवीत असणार.

माशीचे वजन शून्य

आमिषाऐवजी पिसे आणि धागे गुंडाळून केलेली खोटी माशी वापरणाऱ्यांचा एक वेगळाच पंथ आहे. त्यांच्याकडे जुळवाजुळव हे चक्क गणित होऊन बसते. एरवी गळ टाकताना वजन पुढे जाते आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. खोट्या माशीला वजनच नसते. त्यामुळे येथे फेकली जाते ती दोरी. माशी केवळ तिच्या शेपटीला लटकून जाते. दोरीचे वजन काठीला वाकवते आणि काठी सरळ होताना दोरी पुढे भिरकावते. दोरी हलकी असेल तर काठी वाकतच नाही, जड असेल तर नुसतीच लवते. दोन्ही प्रसंगी दोरीचे भेंडोळे फेकणाऱ्याच्याच पायाशी किंवा टोपीवर येऊन पडते. एकाकडून काठी आणि दुसऱ्याकडून दोरी उसनी घेतलेल्या नवशिक्याला हा अनुभव हमखास येतो आणि तो बिचारा दोष आपल्या हाताला देत राहतो.

रेशमी दोऱ्यांच्या काळात जाडीवरून वजनाचा अंदाज येई. त्यासाठी अक्षरे ठरलेली होती. 'एचडीएच' म्हणजे दोन्ही टोकांना ०.०२५ इंच आणि मध्ये ०.०४५ इंच जाडीची दोरी. पुढे नायलॉनसारख्या धाग्यांवर प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या आल्या आणि ही भाषा निरुपयोगी ठरली. सारख्याच जाडीच्या दोन दोऱ्या वजनाने निराळ्या निघू लागल्या. म्हणून १९६०च्या आसपास अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने दोरीचे पहिले ३० फूट तोलून क्रमांक द्यायचे ठरवले. ५ क्रमांकाची दोरी १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. ८ क्रमांकाची २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. तोच क्रमांक काठीवर लिहिला जाऊ लागला. पद्धत सोपी, सरळ आणि आजही चालू. परंतु अलीकडे कित्येक उत्पादक आपल्या दोऱ्या छापील क्रमांकापेक्षा जड करतात. ताठ काठ्या त्यामुळे सहज वाकतात आणि दुकानाबाहेर करून पाहणाऱ्या गिऱ्हाईकाला बरे वाटते. परिणामी चोखंदळ मंडळी नवी दोरी आणली की ३० फूट मोजून स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवतात. याला विक्षिप्तपणा म्हणावे, तर प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते दोष काट्यावर दोरी ठेवणाऱ्याचा नाही.

खोट्या माशांच्या बाबतीत मात्र काटेकोरपणाने एकदा मर्यादा ओलांडली होती, असे मानायला जागा आहे. फ्रेडरिक हॅलफर्ड या इंग्रज गृहस्थाने १८८६ साली तरंगत्या माश्या कशा बांधाव्यात यावर ग्रंथ लिहिला. हॅम्पशायरमधील चुनखडीच्या नितळ नद्यांवर त्यांचे सारे संशोधन चाले. पाण्यावर जो कीटक उडतो आहे, हुबेहूब त्याचीच प्रतिकृती हवी, असा त्यांचा आग्रह. एकाच कीटकाच्या नरासाठी एक माशी आणि मादीसाठी दुसरी. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आपली यादी ३३ नमुन्यांवर आणली आणि त्याबाहेर काही लागू नये, असे त्यांचे मत झाले. त्याच १९१० साली जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने आपल्या पुस्तकातून पाण्याखालून पोहत वर येणाऱ्या अपक्व कीटकांचे महत्त्व मांडले. ट्राउटचे बरेचसे खाणे पृष्ठभागाखालीच चालते, तर वरच्या माशीच्या पंखाच्या छटेवरून वाद कशाला, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. माशाला त्यात कोणी विचारले नाही.

माशीच्या डब्यातील शिस्तीला मात्र साधे, व्यवहारी कारण आहे. वापरलेली ओली माशी तशीच डब्यात ठेवली तर तिचा गळ गंजतो आणि शेजारच्या दहा माश्यांनाही गंज लावतो. म्हणून जाणकार ती आधी सदऱ्याला किंवा टोपीला टोचून वाळवतात. टोपीभर माश्या मिरवणाऱ्या माणसाची जी छबी व्यंगचित्रांतून आपल्या ओळखीची झाली आहे, तिचे मूळ यात असावे.

हौस आणि दिखावा यांचा कळस पाहायचा असेल तर कार्पच्या तळ्यावर जावे. तेथे माणसे तंबू ठोकून तीन-तीन दिवस मुक्काम करतात. समोर आडव्या चौकटीवर तीन काठ्या, तीन रिळे, मासा लागताच वाजणाऱ्या तीन विजेच्या घंटा. साऱ्या एकाच बनावटीच्या, एकाच रंगाच्या, टोके एका रेषेत. सारख्या काठ्यांना काही एक अर्थ आहे: अंधारात हाताला येईल ती काठी तशीच वागते. तिन्ही आमिषे एकाच अंतरावर पडावीत म्हणून १२ फुटांवर रोवलेल्या दोन खुंट्यांभोवती तंगुसाचे वेढे मोजण्याची त्यांची युक्तीही मोठी सुबक आहे. दहा वेढे म्हणजे ४० यार्ड. परंतु रिळाच्या मुठीचा रंग घंटेच्या दिव्याशी जुळला नाही म्हणून तीनही रिळे बदलणाऱ्याचे समर्थन करणे अवघड आहे. रीळ माशाला दिसत नाही. रिचर्ड वॉकर यांनी १३ सप्टेंबर १९५२ रोजी रेडमायर येथील तळ्यातून ४४ पौंडांचा विक्रमी कार्प काढला, तो घरी बनवलेल्या बांबूच्या काठीवर. तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात राहिला. आज अनेक नवशिके पहिला मासा लागण्याआधीच महिन्याच्या पगाराएवढी रक्कम जुळणाऱ्या सामग्रीवर घालवतात आणि काही जण तेवढ्यावरच छंद सोडतात.

हा छंद इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आला. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीर जातीच्या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी दिलेले 'खुद्री' हे नाव आजही शास्त्रीय नावात टिकून आहे. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली आले. विलायतेत सामनसाठी घेतलेली सामग्री महसीरला पुरत नाही, हे येथे आलेल्या साहेबांना लवकरच कळून चुकले. या माशाच्या जबड्याच्या दाबाने हलके गळ चेपतात आणि त्याच्या पहिल्या धावेत रिळावरचा तंगूस दगडांना घासत सरसर संपत जातो. मुंबईत पवई तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद ही परंपरा आजही चालवतात. शहरातील अशाच एका हौशी गळवाल्याच्या घरी त्याच्या पेटीला हात लावताच तो चटकन म्हणाला, "बघा ना साहेब, खुशाल बघा. फक्त जे जिथून उचलाल ते तिथेच ठेवा." त्याच्या पेटीत जुन्या गोळ्यांच्या डब्या होत्या, औषधाच्या रिकाम्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येकीवर मुलाच्या शाळेच्या वहीचे लेबल चिकटवलेले होते. विलायती पेटीत जे असते, ते सारे तेथे होते.

या शिस्तीत अलीकडे एका नव्या कामाची भर पडली आहे. सप्टेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधील ग्राफम वॉटर या जलाशयात पूर्व युरोपातून आलेली एक हिंस्र कोळंबीसदृश जात आढळली. स्थानिक कीटक आणि लहान जीव ती फस्त करते. ओल्या जाळीच्या गाठींत, बुटांच्या शिवणीत बसून असे जीव एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. त्यामुळे २०११पासून तेथे 'तपासा, धुवा, वाळवा' अशी मोहीम सुरू झाली. न्यूझीलंडमध्ये तर २००४ साली नद्यांत 'डिडिमो' हे शेवाळ सापडल्यावर २००८पासून लोकरी तळव्यांचे बूट घालून नदीत उतरण्यावरच बंदी आली, कारण तो तळवा लवकर वाळत नाही. आता घरी परतलेल्या माणसाला जाळी झटकून, गरम पाण्यात बुडवून पूर्ण कोरडी होईपर्यंत टांगावी लागते. न्हाणीघरात दोन दिवस लोंबणाऱ्या या जाळीवरून घरोघरी नव्याने वाद सुरू झाले आहेत.